सहावी हजेरी

१

माझं काम दारं लावून घेण्याचं. लाकडी नव्हेत; कंपन्यांच्या नेटवर्कची. लोक महागातलं कुलूप लावतात आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात. मी ती किल्ली शोधून त्यांच्या हातात देते आणि त्याचा पगार घेते. चौदा वर्षांत एवढंच शिकले, की शिरणारा फारसा हुशार नसतो, घरातला आळशी असतो.

नातेवाइकांच्या राउटरला हात लावायचा नाही, हा माझा नियम. एकदा लावला की जन्मभर फोन येतात. मावशीसाठी तो मोडला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वय त्र्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून. एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथली शिस्त अशी, की पलीकडचा नंबर सांगेल तो आपण मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, मगच जोडून द्यायचा. एक्स्चेंज केव्हाच बंद पडलं, सवय मात्र तिच्याबरोबर घरी आली. मावशी आजही वाचते ते मोठ्याने आणि लिहिते तेही मोठ्याने. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा म्हणून दाखवते. एकटीच राहते, कुणाला म्हणून दाखवते ते तिलाच माहीत.

तर मावशीला इंटरनेटवाल्या कंपनीचा निरोप आला, की आपल्या जोडणीवरून संशयास्पद वाहतूक होत आहे. तिने तो गंमत म्हणून मुलाला पाठवला. मुलगा, म्हणजे आमचा दादा, परदेशी असतो. त्याला गंमत वाटली नाही.

"हे बघ," तो मला फोनवर म्हणाला, "आई एकटी. तिच्या टॅबलेटमध्ये कोण बसलंय, काय बघतंय, देव जाणे. इथे तिच्या वयाच्या माणसांसाठी चांगली जागा आहे. नर्स असते चोवीस तास. मी नाव नोंदवून ठेवलंय."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, या घरातून मी आडवीच निघेन. म्हणून तुला सांगतोय. येत्या शनिवारपर्यंत तू मला लिहून दे, की घर स्वच्छ आहे, बाहेरचं कुणी नाही. मग मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिलंस, तर मी तिकीट काढतो."

दादा शब्दाचा पक्का आहे, ते मला ठाऊक होतं. मावशीलाही ठाऊक होतं. त्या जागेत ती सहा महिने काढणार नाही असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

२

रविवारी अकराला गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि या सगळ्यांना जोडणारा एक लांब, अरुंद पॅसेज. पॅसेजमध्ये दाराजवळ चपलांचं कपाट, कपाटावर राउटर आणि राउटरवर क्रोशाचा रुमाल.

"हे कशाला पांघरलंय?"

"धूळ बसते."

"तापतो तो."

"थंडीत बरं मग."

रुमाल काढला. खाली कंपनीचं लेबल जसंच्या तसं आणि त्यावरचा छापील पासवर्ड अजून चालू होता. राउटरच्या आतली प्रणाली पाच वर्षांत एकदाही अद्ययावत केलेली नव्हती. बाहेरून राउटर चालवायची सोय उघडी आणि बटण दाबून कुणालाही जोडून घ्यायची सोयही उघडी. चोरांना चहा द्यायचाच काय तो राहिला होता.

मी एकेक बंद करत गेले. प्रणाली नवी घातली, छापील पासवर्ड बदलला, बाहेरची सोय काढून टाकली. नोंदी पाहिल्या. खरंच कुणीतरी दूरवरून या राउटरचा वापर करत होतं. अशी हजारो घरं त्यांच्या ताब्यात असतात आणि त्यांना मावशीशी काही देणंघेणं नसतं. एक वाजेपर्यंत ती वाहतूक थांबली. चोर होते, ते गेले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं त्यांच्या माथी मारायचा मोह मलाही झाला होता.

राहिला वायफायचा पासवर्ड.

"लांब वाक्य घे," मी मावशीला म्हटलं. "तुला विसरायला होणार नाही आणि दुसऱ्याला सुचणार नाही असं."

"म्हणजे कसं?"

"माझ्या घरचा सांगते. 'खिडकीतलं मांजर मला ओळखत नाही.' सगळं इंग्रजी अक्षरांत, सलग."

"खिडकीतलं मांजर मला ओळखत नाही," मावशीने खणखणीत आवाजात परत म्हटलं. "पण तुझ्याकडे मांजर कुठाय?"

"म्हणूनच."

चौदा वर्षांत स्वतःचा पासवर्ड मी कुणालाही सांगितला नव्हता. त्या दिवशी शहाणपणा मिरवायच्या भरात सांगून बसले. लक्षातही आलं नाही.

मावशीने तिचं वाक्य शोधलं: 'डॉक्टरने साखर बंद केली तरी खाते'. त्यावर आमची पंधरा मिनिटं गेली. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणजे दहा माणसं दहा तऱ्हांनी लिहितात. 'साखर'ला ए एक की दोन, 'तरी'च्या शेवटी आय की डबल ई. सगळीकडे एकेकच अक्षर ठेवायचं ठरलं. ते मी टाकलं आणि मावशीने आपल्या यंत्रांत एकेक अक्षर म्हणत भरलं. पार शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जात असेल.

३

मग हजेरी. ही माझी जुनी पद्धत आहे. राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी निघते, ती मी मोठ्याने वाचते आणि घरातल्यांनी ज्याच्या त्याच्या यंत्रासाठी 'हजर' म्हणायचं. ज्याला कुणी हजर म्हणत नाही, ते बाहेर. पोरकट वाटतं, पण चूक होत नाही.

"मावशीचा फोन."

"हजर."

"टॅबलेट."

"हजर, बाई."

"टीव्ही."

"हजर. आवाज कमी केलाय."

"वजनकाटा."

"हजर. दादाने पाठवला. माझं वजन सगळ्या जगाला कळवायची काय गरज होती त्याला?"

"पाच, माझा फोन. हजर. सहा." मी थांबले. सहाव्याला नाव नव्हतं. प्रत्येक यंत्राला असतो तो बारा अक्षरांचा नुसता पत्ता. "हे काय आहे?"

"मला काय विचारतेस, पोलीस तू."

शेजाऱ्याचं असेल, हा पहिला विचार. पण पासवर्ड जेमतेम वीस मिनिटांपूर्वीचा होता. मी नोंदी उघडल्या. त्यात कोण किती वाजता जोडलं गेलं ते दिसतं आणि कुणाचा पासवर्ड चुकला तेही दिसतं. सहाव्याचा तीनदा चुकला होता. चौथ्यांदा जमला.

तीनदा, हे मला आवडलं नाही. चोरांचा प्रोग्रॅम असता तर हजारो वेळा चुकला असता. कागदावर पाहून टाकणारा बहुधा एकदाही चुकत नाही. तीनदा तो चुकतो, ज्याने वाक्य ऐकलेलं असतं आणि 'साखर'ला ए किती ते ठाऊक नसतं.

"मावशी, इथे बोलणारं, ऐकणारं काही यंत्र आहे? दादाने पाठवलेलं?"

"ऐकणारी मी, बोलणारी मी. तिसरं कशाला हवं?"

यादीत प्रत्येक यंत्रापुढे एक आकडा असतो, वजा चिन्हाचा. शून्याच्या जितका जवळ, तितकं यंत्र राउटरच्या जवळ. मी माझा फोन घेऊन घरभर हिंडले. चपलांच्या कपाटावर वजा तीस. स्वयंपाकघरात वजा बावन्न. मागच्या खोलीत, मावशीच्या पलंगावर, वजा अडुसष्ट. दाराबाहेर जिन्यात, दार लोटून, वजा पंचावन्न.

सहाव्याचा आकडा होता वजा चौतीस. म्हणजे पॅसेजमध्ये, कपाटापासून हाताच्या अंतरावर.

मी कपाट रिकामं केलं. चार जोड चपला, एक छत्री, बुटांचं पॉलिश, ज्याचं झाकण उघडेना. कपाट भिंतीपासून सरकवलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर कपाटाच्या आकाराचा जुना, उजळ रंग.

"हरवलं काय तुझं?" मावशीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

४

त्या पत्त्याला बंदी घातली. चार मिनिटांनी तेच नव्या पत्त्याने आलं. यात भिण्यासारखं काही नाही. आताचे फोनही पत्ता बदलत राहतात. मी स्वतःला हे सांगितलं आणि पटवूनही घेतलं.

मग पासवर्ड पुन्हा बदलला. या वेळी तोंडाने बोलले नाही. कागदावर लिहून मावशीच्या पुढे धरला, ओठांवर बोट ठेवून. तिने मान डोलावली. टॅबलेट मांडीवर घेतला, चष्मा सरळ केला आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने म्हणत टाकायला लागली.

"मावशी."

"अगं, हो की. राहिलं." आणि पुढची दोन अक्षरंही म्हणालीच. एकतीस वर्षांची सवय, तिला तरी काय बोलणार. शेवटी कागद घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून पुटपुटत बसली.

सहावं दोनदा चुकलं आणि आलं.

आम्ही चहा घेतला. मी अशी बसले, की स्वयंपाकघराच्या दारातून पॅसेज पूर्ण दिसावा. फोन टेबलावर, यादी उघडी. मावशी तिच्या एका मैत्रिणीच्या सुनेविषयी सांगत होती. मी हुं हुं करत होते आणि सहाव्याच्या आकड्याकडे पाहत होते.

वजा सदुसष्ट. मागच्या खोलीत.

वजा साठ.

वजा चोपन्न. हे म्हणजे आमच्या अगदी दारात. मी वर पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मावशीचं बोलणं मात्र मधेच थांबलं, दारातून कुणी जात असलं की आपण वाट देण्यापुरतं थांबतो तसं. मग तिने वाक्य पुरं केलं.

वजा पंचेचाळीस. वजा छत्तीस. वजा एकतीस.

"का थांबलीस मधेच?" मी विचारलं.

"कधी?"

"आत्ता."

"घोट घेतला असेल. तू ऐकतेयस का, की नुसती फोनमध्ये तोंड घालून बसलीयस?"

कप तिच्या हातात नव्हता, टेबलावर होता. घरातल्या घरात आकडे भिंतींमुळे, फ्रिजमुळे, माणसाच्या हलण्यामुळे वरखाली होतात. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि खरंही आहे. फक्त ते असे ओळीने होत नाहीत.

निघाले तेव्हा डोक्यात हेच चाललं होतं. मुकाट्याने चपला घातल्या आणि दार उघडलं.

"अगं, अशी मुक्याने काय निघालीस?" मावशी आतून म्हणाली. "येते म्हणावं."

"येते."

"ये. आणि आपल्या रिकाम्या घरातून निघतानाही म्हणत जा. घराला कळायला हवं, माणूस परत यायचंय ते."

५

आठवडाभर ऑफिसात मन लागलं नाही. दादाचा रोज एकच प्रश्न: झालं का? मी सांगायचे, शनिवारी.

शनिवारी तीनला गेले. मावशी जरा उतरलेली दिसली. दादाने तिला त्या जागेची चित्रं पाठवली होती. स्वच्छ पलंग, खिडकीत कुंडी, हसऱ्या म्हाताऱ्या.

"सगळ्या बायका एकसारख्या कापलेल्या केसांच्या," ती म्हणाली. "मला तिथे कोण ओळखणार? आणि मी कुणाला हाक मारणार?" मावशी रडणाऱ्यांतली नाही. तिने चष्मा पुसला, एवढंच. मला फार वाईट वाटलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं, की आज हे संपवायचं.

तिला खाली चक्कर मारायला पाठवलं. तिची सगळी यंत्रं ताब्यात घेतली. नवा पासवर्ड मनात रचला, अर्थ नसलेला, अक्षरं-आकड्यांचा. कागदावर लिहिला नाही. ओठ मिटून, पॅसेजमध्ये कपाटाला पाठ लावून, एकेका यंत्रात टाकला. टाकताना स्क्रीन छातीशी धरली. का धरली ते विचारू नका.

मग नोंदी उघडून उभी राहिले.

एक चूक. एका मिनिटाने दुसरी. मग तिसरी. घड्याळ लावल्यासारखी मिनिटाला एक. सात झाल्या, अकरा झाल्या. फ्रिजचा आवाज येत होता आणि खाली कुणी मोटार धूत होतं. एकोणिसाव्या चुकीनंतर पुढचं मिनिट कोरडं गेलं. त्याच्या पुढचंही.

आणि माझ्या कोपरापाशी क्रोशाच्या रुमालाचा एक कोपरा उचलला गेला.

मावशीने आठवड्यात तो परत पांघरला होता. कोपरा वर आला, बोटभर, राउटरवरचं लेबल दिसेल एवढा. तसाच राहिला. ओळ वाचायला लागेल तेवढा वेळ. मग खाली आला, सावकाश, आणि कुणी हात फिरवावा तसा सपाट झाला.

पंखा चालू असेल. पॅसेजमध्ये पंखा आहे की नाही, ते मी वर मान करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं.

लेबलावरचा पासवर्ड मी गेल्याच रविवारी बदललेला होता. विसावी चूक नोंदीत आली आणि मग काही आलं नाही.

मावशी परतल्यावर हजेरी घेतली. फोन, टॅबलेट, टीव्ही, वजनकाटा, माझा फोन. पाच. अर्धा तास थांबून पुन्हा घेतली. पाच. तिच्यासमोर बसून दादाला लिहिलं: घर पूर्ण तपासलं. स्वच्छ आहे. बाहेरचं कुणी नाही.

दादाचं उत्तर लगेच आलं. "तुझ्या शब्दावर. नाव काढून टाकतो."

मावशीने ते मोठ्याने वाचलं. मग माझ्या पाठीवर एक धपका घातला, जरा जोराचाच. "ठमे, तू नसतीस तर गाठोडं बांधलं असतं माझं."

निघताना मी आठवणीने म्हटलं, "येते."

"ये," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

६

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घर पन्नास मिनिटांवर. दहा-बारा मिनिटं झाली असतील, मावशीचा फोन आला.

"काय विसरली होतीस गं?"

"कुठे?"

"इथे. परत आली होतीस ना."

"नाही. मी तर बसमध्ये आहे."

"आता असशील. पाच मिनिटांनी परत आली होतीस की. मी ओट्यापाशी होते. पॅसेजमधून म्हणालीस, 'येते.' मी म्हटलं, ये. सवयच ती. मग वाटलं, आत्ता तर गेली होती, विसरली असेल काही."

"दार वाजलं होतं का?"

मावशीने विचार केला. "नाही गं. दाराचा आवाज नाही आला. पण आवाज तुझाच होता. हजारो माणसांचे आवाज ओळखलेत मी, तुझा नाही ओळखणार? फक्त..."

"फक्त काय?"

"जरा लांबवलंस. नवा ऑपरेटर पहिल्यांदा नंबर म्हणून दाखवतो ना, तसं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. येते. आपल्याकडे जाणारी बाई म्हणते येते आणि आत येणारीही म्हणते, येते हं. दारात कुणी तो शब्द उच्चारला, तर तो आत शिरतोय की बाहेर पडतोय, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. पाहावं लागतं. मावशीने पाहिलं नव्हतं, आणि दोन्हीला ती म्हणाली होती, ये.

बाहेरून तिचा राउटर पाहायची सोय मीच बंद केली होती. "मावशी, एक काम कर. टॅबलेटवर ती यादी उघड, मी दाखवली होती तशी. हजेरी घे."

"आता?"

"आता."

ती वाचायला लागली आणि स्वतःच हजर म्हणत गेली. "माझा फोन, हजर. टॅबलेट, हजर. टीव्ही, हजर. आणि तो चोंबडा वजनकाटा, हजर. चार."

"आणखी?"

"आणखी काही नाही. चारच. काय झालं?"

"काही नाही. घर स्वच्छ आहे."

"ते मघाशीच लिहून दिलंस की," मावशी म्हणाली आणि हसून फोन ठेवला.

म्हणजे तो शब्द जाणाऱ्याचा होता. मला हायसं वाटलं. ते दोन थांब्यांपर्यंत टिकलं.

७

मी एकटी राहते. दुसरा मजला, एक खोली, आत छोटं स्वयंपाकघर. बोलणारं एकही यंत्र घरात ठेवत नाही, धंद्याची खोड. माझ्या यादीत दोनच गोष्टी असतात, फोन आणि लॅपटॉप.

दार उघडून दिवा लावला आणि उभ्या उभ्याच नोंदी काढल्या. सहा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन जोडला गेला होता. त्याच्या वर, पाच एकेचाळीसला, एक चूक. पाच बेचाळीसला दुसरी. पाच त्रेचाळीसला बारा अक्षरांचा एक पत्ता आत आला होता.

खिडकीतलं मांजर मला ओळखत नाही. 'ओळखत'चं स्पेलिंग मी जरा वेगळं करते. दोन चुका त्याच्या असणार.

मी घाबरले. तसं स्पष्टच सांगते. चप्पल पायातच होती. पळून जाता आलं असतं. पण पळून कुठे जाणार, आणि कुणाला काय सांगणार? या कामात माझ्याकडे लोक येतात. मी कुणाकडे जायचं, हे कधी ठरवलेलं नव्हतं.

उपाय सोपा होता. तोंड मिटून नवा पासवर्ड. एका मिनिटाचं काम. लॅपटॉप उघडला, चौकट आली, बोटं ठेवली आणि तिथेच राहिले.

इथून काढलं तर ते कुठे जाईल?

त्याला दोन घरं माहीत होती. एक माझं. दुसऱ्या घरात एक म्हातारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे वाचेल ते मोठ्याने म्हणून दाखवते आणि पॅसेजमधून कुणीही येते म्हटलं, की न पाहता ये म्हणते. तिथे सहावी हजेरी पुन्हा लागली, की मला दादाला खरं लिहावं लागेल, आणि खरं लिहिलं की एकसारख्या केसांच्या बायकांत आणखी एक बाई. खोटं लिहिलं, तर मावशी त्या सहाव्यासोबत एकटी.

मी चौकट बंद केली.

यादीत त्या पत्त्यापुढे नाव लिहायची जागा होती. माझा नियम आहे, बिननावाचं काही ठेवायचं नाही. पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, 'हजर'.

आकडा होता वजा बत्तीस. माझा राउटर पलंगाच्या उशाशी आहे.

८

याला सात आठवडे झाले. मावशी मजेत आहे. तिने टॅबलेटवर पत्ते खेळायला शिकून घेतलंय आणि दर रविवारी मला हरवते. तिची हजेरी मी प्रत्येक वेळी घेते. चार, आणि मी पाचवी. दादा म्हणतो, "तुझ्यामुळे आई तिच्या घरात आहे." खरं आहे ते.

घरी मी वाचते ते मनात वाचते. फोनवर कमी बोलते. माझा आवाज त्याच्याकडे आहेच, आणखी शब्द कशाला द्यायचे? आकडा दिवसभर फिरत असतो. मी जेवायला बसले की वजा पन्नासच्या आसपास येऊन थांबतो. मला त्याची सवय झाली आहे असं मी म्हणणार नाही. मी त्याच्याकडे पाहून मग जेवते, एवढंच.

निघताना येते म्हणणं मी सोडलं होतं. मावशीने कितीही शिकवलं असो, त्या खोलीला तो शब्द ऐकवायची माझी तयारी नव्हती. मुकाट्याने चपला घालायच्या, दार ओढायचं, खाली उतरायचं.

आज सकाळी साडेआठला तशीच निघाले. पिशवी खांद्यावर, किल्ली हातात. बाहेर पाऊल टाकलं, दार ओढलं. ते चार बोटं उघडं होतं तेव्हा आतून आवाज आला. मावशीचा. तिची ती रागवायची, लाडाची तऱ्हा, अगदी तशीच. फक्त जरा लांबवलेली.

"येते म्हणावं."

मावशी त्या वेळी तिच्या घरी होती. मी नंतर फोन करून खात्री केली. पण तेव्हा मी दारात उभी होते, किल्ली कुलपात घालायची राहिली होती, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी दुधाच्या बाटल्या उचलत होतं.

मी म्हटलं, "येते."

"ये," आतून उत्तर आलं, आणि मी दार लावून घेतलं.